जकातीतून कर्जफेड: गारिमीनचा हिस्सा नेमका द्यायचा कसा?

खाडीकाठ

रमजानमध्ये जमातीकडे (गावच्या मुस्लिम समाजाच्या संघटनेकडे) जकात, म्हणजे मालातला दरवर्षी द्यायचा फर्ज हिस्सा, येते. शिधा, कपडे, शाळेची फी, औषधं यांवर ती वाटली जाते आणि ईदपर्यंत पेटी रिकामी होते. कर्जात रुतलेल्या माणसाचं नाव यादीत फारसं येत नाही. खरं तर कुराणातल्या सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत जे आठ हकदार मोजलेत, त्यात गारिमीन, म्हणजे कर्जदार, स्वतंत्रपणे सांगितले आहेत.

प्रश्न तीन. कुठला कर्जदार यात बसतो? पैसे त्याच्या हातात द्यायचे की देणेकऱ्याला परस्पर? आणि कर्ज व्याजाचं असेल तर काय? कोकणातल्या गावात शाफई घरं जास्त, पण हनफीही असतात; हे दोन मजहब, म्हणजे इस्लामी कायद्याच्या परंपरा. त्यामुळे दोन्हींचं सांगा. जकातीची फजिलत, म्हणजे थोरवी, सगळ्यांना पाठ आहे, कृती हवी आहे.

---

पाटीपेन्सिल

हनफींचं आधी सांगतो, ते मोजायला सोपं. माणसाची मालमत्ता मांडायची. राहतं घर, वापरातलं वाहन, शिलाई मशीन, जाळी, हत्यारं, रोजच्या वापराचं सामान ही मूळ गरज, ती सोडून द्यायची. उरलेल्यातून सगळं देणं वजा करायचं. बाकी निसाबाच्या, म्हणजे जकात लागू होण्याच्या किमान मालमत्तेच्या, आत आली तर तो मुस्तहिक, जकात घ्यायला पात्र. म्हणजे चांगल्या पगाराचा माणूसही बसू शकतो आणि झोपडीतला माणूस न बसण्याचीही शक्यता असते. चेहऱ्यावरून ठरवू नका.

शाफईंकडे गारिमचे प्रकार पाडलेत. पहिला, स्वतःच्या जायज गरजेसाठी कर्ज काढलेला. त्याच्याकडे फेडायला काही नसावं आणि कर्जाची मुदत भरलेली असावी. पाच वर्षांनी द्यायच्या रकमेसाठी आज जकात नाही. दुसरा, दोन गटांतलं भांडण मिटवायला स्वतःच्या अंगावर रक्कम घेतलेला. हा सधन असला तरी त्याला देता येतं. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातली कबीसा इब्न मुखारिक यांची हदीस याचाच आधार. तिसरा जामीनदार. मूळ कर्जदारही फेडू शकत नाही आणि जामीनदारही नाही, असं असेल तर त्याला. पतसंस्थेच्या कर्जात जामीन राहून पगार कापला जाणारे गावोगाव सापडतील. त्यांचा विचार यादी करताना कुणी करत नाही.

जुगारासारख्या गुनाहच्या कामासाठी काढलेलं कर्ज असेल तर शाफईंकडे तौबा केल्याशिवाय देत नाहीत. आता मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांपायी झालेली कर्जं येतात, तिथे हे कलम नुसतं पुस्तकातलं राहत नाही. खेळ चालू असेल तर फेडलेलं कर्ज दोन महिन्यांत परत उभं राहतं.

आई-वडील, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं आणि नवरा-बायको यांना हनफींकडे आपली जकात चालत नाही. भाऊ, बहीण, मामा, आत्या, चुलत्यांना चालते, उलट सवाब जास्त. सय्यद म्हणजे बनू हाशिम घराण्याला जकात नाही. त्यांचं कर्ज लिल्लाह, म्हणजे जकातीखेरीजच्या ऐच्छिक दानाच्या, रकमेतून फेडा.

---

अडीचटक्के

निसाब काढताना एक घोळ दर वर्षी होतो, म्हणून मध्येच घुसतो. साडेबावन्न तोळे चांदी आणि साडेसात तोळे सोनं हा हिशेब जुन्या तोळ्याचा, ११.६६४ ग्रॅमचा. सराफ आज तोळा म्हणतो तो १० ग्रॅमचा. म्हणून चांदी ५२५ ग्रॅम नाही, ६१२.३६ ग्रॅम. सोनं ७५ नाही, ८७.४८ ग्रॅम. चांदीच्या भावात याने जो फरक पडतो, त्यात एखादं घर यादीच्या आत किंवा बाहेर जातं.

---

रानवाट

एवढी कागदपत्रं कशाला? माझं ज्याच्याकडे येणं आहे त्याला सांगायचं, 'तुझे २०,००० माफ, ही माझी जकात.' दोघं मोकळे.

---

पाटीपेन्सिल

रानवाट, हीच सर्वांत जास्त होणारी चूक. नुसत्या माफीने तुमच्या इतर मालाची जकात अदा होत नाही. हनफी आणि शाफई, दोघांचाही हाच कौल. जकात म्हणजे गरजूच्या मालकीत माल देणं, तमलीक. माफीत त्याच्या हातात काहीच येत नाही. शिवाय बहुतेकदा ते पैसे बुडीतच असतात, बुडीत खातं जकातीच्या रकान्यात ढकलायचं झालं.

योग्य रीत अशी. तो मुस्तहिक आहे याची खात्री करा. २०,००० जकातीच्या नियतने खरोखर त्याच्या हातात द्या. ते त्याचे झाले. मग त्याच्याकडून आपलं येणं मागा. देताना 'परत द्यायचेच' अशी अट घालायची नाही. नाहीच दिले तर जकात तरी अदा झाली, येणं मात्र बाकी.

माफी ही वेगळी आणि मोठी नेकी आहे. सूरह बकराच्या २८०व्या आयतीत तंगीतल्या कर्जदाराला सवड द्या आणि माफ केलंत तर अधिक चांगलं, असंच आहे. फक्त ती जकातीच्या वहीत मांडू नका.

परस्पर देण्याबद्दल: कर्जदाराच्या परवानगीने देणेकऱ्याला सरळ दिलं तर दोन्हींकडे चालतं. देणेकरी त्याच्या वतीने ताबा घेतो असं धरतात. परवानगीशिवाय भरलं तर कर्ज फिटेल, जकात अदा होणार नाही. म्हणून एका ओळीचं पत्र घ्याच: 'माझ्या अमुक कर्जापोटी एवढी रक्कम जमातीने माझ्या वतीने परस्पर भरावी, यास माझी परवानगी आहे.' पत्रात 'जकात' शब्द नसला तरी चालतं. नियत देणाऱ्याची हवी, घेणाऱ्याला सांगणं बंधनकारक नाही. 'मदत' लिहा. अब्रूदार माणसाला तेवढंच बरं.

---

वहीखातं

परस्पर भरणंच बरं, असा माझा आग्रह. अविश्वास म्हणून नाही. रक्कम कर्जदाराच्या बचत खात्यात टाकली की काय होतं पाहा: त्या खात्यावर दुसऱ्या एखाद्या कर्जाच्या हप्त्याचं ऑटो डेबिट असतं. सकाळी जमातीचे ३८,००० आले आणि दुपारी मोबाइलच्या हप्त्याचे, थकलेल्या दंडाचे, किमान शिल्लक नसल्याच्या आकाराचे कापून ३१,००० उरले. ज्या कर्जासाठी दिले ते तसंच. म्हणून देणेकऱ्याच्या नावाचा डीडी किंवा थेट कर्जखात्यात भरणा.

आता फाइल. प्रत्येक कर्जाचं उताऱ्यासह एक पान: देणेकरी कोण, मुद्दल किती, आजवर भरलं किती, व्याजदर, गहाण काय, जामीनदार कोण, कोरे चेक कुणाकडे आहेत, पुढची नोटीस कधीची. तोंडी आकड्यावर एक रुपया देऊ नका. कर्जदार सहसा खोटं बोलत नाही, पण लाजेने अर्धी कर्जं लपवतो. दोन मोठी फेडल्यावर तिसरं बाहेर येतं आणि सगळा डाव फसतो. पहिल्या बैठकीला नवरा-बायको दोघांनाही बसवा. गटकर्ज बऱ्याचदा बायकोच्या नावावर असतं आणि हातउसने नवऱ्याच्या.

एक नमुना मांडतो, आकडे हिशेबाच्या सोयीचे. चांदी ग्रॅमला १५० धरली तर निसाब ६१२.३६ × १५० = ९१,८५४ रुपये. घरात रोख ६,०००. गहाण ठेवलेलं २० ग्रॅम सोनं, ग्रॅमला १०,००० धरून २,००,०००. एकूण २,०६,०००. देणी: सोनंतारण १,२०,०००, गटकर्ज ३८,०००, खासगी सावकाराचं मुद्दल ५०,०००, वाण्याची उधारी ९,०००. एकूण २,१७,०००. बाकी उणे ११,०००, म्हणून हनफी हिशेबाने घर मुस्तहिक.

खरी मेख क्रमात आहे. गटकर्ज फेडलं की बाकी अधिक २७,००० होते. वाणी फेडला, ३६,०००. सावकाराचे ५०,००० दिले, ८६,०००. अजून निसाबाच्या आत. आता सोनंतारणाचे महिन्याला १०,००० देऊ लागलात तर पहिल्याच हप्त्याला बाकी ९६,००० होते. निसाब ओलांडला, दुसरा हप्ता जकातीतून देता येत नाही. प्रत्येक वेळी देताना तो माणूस पात्र असायला हवा, वर्षाच्या सुरुवातीला होता हे पुरत नाही.

माझं मत: अशा घराचं सोनं जकातीतून सोडवू नये. बाकीची तीन देणी फेडा आणि सोनं विकून तारण मिटवा. २,००,०००मधून १,२०,००० आणि तोवरचं व्याज गेलं तरी बरीच रक्कम घरात राहते, महिन्याचं व्याज थांबतं. लिलावाची नोटीस यायच्या आत विकलं तर भाव आपण ठरवतो. नंतर तो ठरवून मिळतो. लग्नातलं सोनं विकायला घरातून विरोध होतोच, पण दुसऱ्या दहा घरांचा हिस्सा एका पाटलीत अडकवणं मला पटत नाही.

---

पाटीपेन्सिल

वहीखातं, मांडणी उत्तम. एक पुरवणी: गहाणातलं सोनं कर्जदाराच्या ताब्यात नसतं. ते पात्रता मोजताना धरायचं की नाही, हे आपल्या मुफ्तींकडून एकदाच लेखी घ्या आणि सगळ्या अर्जांना तेच लावा. एकाला धरलं, दुसऱ्याला सोडलं, तर जमातीत भांडणं होतील.

---

सातबारा

व्याजाकडे येतो. जकात ओतण्याआधी ते देणं कायद्याने उभं राहतं का ते बघा.

वरच्या उदाहरणातला खासगी सावकार. ५०,००० वर महिना ५ टक्के, म्हणजे २,५००. वर्षाला ६० टक्के. २० महिने भरले असतील तर ५०,००० देऊन झाले आणि वहीत मुद्दल जसंच्या तसं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकारालासुद्धा शेतकरी कर्जाला तारणी ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांना तारणी १५ आणि विनातारण १८ टक्के वार्षिक, एवढीच मुभा आहे. चक्रवाढ नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज नाही, आपली जुनी दामदुप्पट. १८ टक्क्यांनी ५०,००० चं २० महिन्यांचं सरळ व्याज १५,००० होतं. म्हणजे एकूण ६५,०००, त्यातले ५०,००० पोचले. उरले जास्तीत जास्त १५,०००. परवाना नसेल तर सावकारी हाच गुन्हा, आणि कोर्टातून वसुलीही नाही.

म्हणून वहीखातं यांच्या हिशेबातले सावकाराचे ५०,००० मला मान्य नाहीत. जमातीतली दोन वजनदार माणसं आणि ही आकडेमोड घेऊन बसा. 'मुद्दल तुमच्या हाती आलेलं आहे' एवढं एक वाक्य पुष्कळदा पुरतं. नाही पुरलं तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज. कर्जापोटी जमीन किंवा घर लिहून घेतलं असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे. १५ वर्षांच्या आतला व्यवहार असेल तर चौकशी होऊन मालमत्ता परत मिळण्याची तरतूद आहे. पैसे दिले की त्याच बैठकीत कोरे चेक, सही केलेले स्टॅम्पपेपर, मूळ कागद ताब्यात घ्या. 'उद्या देतो'वर उठू नका.

गटकर्ज: रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमांनुसार सूक्ष्म कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड लावता येत नाही. शाखेतून त्या तारखेचं पूर्ण फेडीच्या रकमेचं पत्र घ्या आणि शाखेतच भरा. वसुलीला येणाऱ्या माणसाच्या हातात रोख नको, मग वहीत शिक्का आणि खात्यात शून्य हे दोन्ही जुळत नाही. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी त्रास देता येत नाही, हेही बायकांना सांगून ठेवा.

कर्जदार वारला असेल तर सर्वांत आधी विमा पाहा. गटकर्ज आणि गृहकर्ज देताना अनेकदा विम्याचा हप्ता कापलेला असतो आणि घरच्यांना पत्ताच नसतो. विम्यातून फिटणारं कर्ज जकातीतून फेडलं, असं होऊ नये.

बँक किंवा पतसंस्थेशी एकरकमी तडजोड करायची तर रक्कम आणि शेवटची तारीख लिहिलेलं पत्र हातात आल्यावरच पैसे. जमातीत मंजुरीला दोन आठवडे लागतात आणि तडजोडीची तारीख निघून जाते, हे वारंवार घडतं. आधी मंजुरी, मग पत्र. तडजोडीने मिटवलेलं खातं सिबिलमध्ये 'सेटल्ड' दिसतं, 'क्लोज्ड' नाही. पुढे घरासाठी कर्ज लागणार असेल तर हे कर्जदाराला आधी सांगा. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढला असेल तर तो कर्जदार आणि जामीनदार दोघांवर चालतो. मिटल्यावर ना-हरकत दाखल्यात जामीनदाराचं नावही घालून घ्या. शेतीवर बोजा असेल तर तो दाखला तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्यावरच्या इतर हक्कातली नोंद कमी करायला लावा. कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी बोजा तसाच असलेले उतारे ढिगाने आहेत.

---

भिवंडी_धागा

सातबारांच्या यादीत एक भर. वीटभट्टी, ऊसतोड, कारखाना, कुठेही उचल देऊन मजुराला बांधून ठेवलं असेल, दुसरीकडे कामाला जाऊ देत नसतील, तर ते वेठबिगारीचं कर्ज. १९७६च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने ते मुळातच रद्द झालेलं आहे आणि ते स्वीकारणं हाही गुन्हा. अशी उचल जकातीतून फेडली तर मालकाला बक्षीस मिळतं. तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. जकात त्या घराला द्या, पण सुटल्यावर उभं राहायला.

कर्जाच्या ॲपचंही तसंच. मागे कुठली नोंदणीकृत वित्त कंपनी आहे ते आधी शोधा. कंपनीच नसेल आणि फोटो पाठवून धमक्या येत असतील तर पैसे भरून ते थांबत नाही, भरणारा सापडला म्हणून वाढतं. १९३० वर सायबर तक्रार आणि रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर नोंद.

---

खाडीकाठ

बरंच हाती लागलं. पण समजा सगळी काटछाट करून कायदेशीर कर्जाचं व्याज उरलंच. ते जकातीतून जातं का?

---

पाटीपेन्सिल

जकात कर्जदाराच्या मालकीत गेली की ते पैसे त्याचे. त्याला जे देणं चुकत नाही ते तो देईल, म्हणून जकात अदा व्हायला अडचण नाही. तरी आधी व्याज-दंड माफ करून घ्या, मुद्दलावर तडजोड करा, हा क्रम सोडू नका. लोकांच्या बँक खात्यात साठलेलं व्याज सवाबची नियत न करता गरिबाला द्यायचं असतं. ते वेगळं ठेवून कर्जदाराच्या व्याजाकडे लावता येईल का, हे आपल्या मुफ्तींना विचारा.

---

शेजारधर्म

मी मुस्लिम नाही, पण वाचतोय. गावातल्या बिगरमुस्लिम कर्जदाराला यातून मदत होते का?

---

पाटीपेन्सिल

चारही मजहबांत फर्ज जकात गरीब मुस्लिमालाच. नफली सदका आणि लिल्लाह कुणालाही देता येतात, शेजाऱ्याचा तर हक्कच आहे. म्हणून पेट्या वेगळ्या हव्यात: जकात, फितरा (ईदच्या नमाजाआधी द्यायचं दान), लिल्लाह, आणि बँकव्याज चौथं. एकाच खात्यात सगळं ओतलं की पुढे कुणालाच काही देता येत नाही.

---

रानवाट

माफीचं समजलं, चूक मान्य. मग जकातीचा फंड करून त्यातून बिनव्याजी कर्ज देत फिरवला तर? एकाचे आले की दुसऱ्याला. पैसा संपणारच नाही.

---

वहीखातं

ऐकायला छान, पण त्यात तमलीक नाही. परत घ्यायच्या बोलीने दिलेली रक्कम जकात म्हणून अदा झालेलीच नसते आणि देणाऱ्याच्या डोक्यावर ती तशीच राहते. कर्जे हसना, म्हणजे असं बिनव्याजी कर्ज, लिल्लाह किंवा लोकांच्या ठेवींतून चालवा. पाकिस्तानातली 'अखुवत' २००१ पासून लाहोरहून बिनव्याजी छोटी कर्जं देते, आपल्याकडे देवबंदसारख्या ठिकाणी मुस्लिम फंड आहेत. पण ती यंत्रणा वेगळी, वही वेगळी. एकमेकांना पूरक मात्र आहेत. जुनं कर्ज जकातीतून मिटवलं आणि पुढच्या शाळेच्या फीला कर्जे हसना मिळालं नाही, तर बाई जूनमध्ये परत त्याच गटकर्जाच्या रांगेत उभी.

---

अडीचटक्के

जूनवरून आठवलं. सगळी जकात रमजानमध्ये वाटून टाकता आणि कर्जाच्या नोटिसा काय चंद्र बघून येतात? आगाऊ जकात हनफी आणि शाफई दोन्हींकडे चालते, शाफईंकडे एका वर्षापुरती. ज्यांची जकात वर्षाला २४,००० बसते त्यांना महिना २,००० द्यायला सांगा, वर्ष संपताना हिशेब जुळवा. एक लक्षात ठेवा, जमात ही देणाऱ्याची वकील, म्हणजे प्रतिनिधी. पेटीत पडली म्हणून जकात अदा झाली नाही, मुस्तहिकाला पोचल्यावर झाली. महिनोन्‌महिने साठवून ठेवणंही बरोबर नाही.

---

खाडीकाठ

शेवटचं. वारलेल्या माणसाचं कर्ज, विमा नाही, वारस गरीब?

---

पाटीपेन्सिल

मयताला मालक करता येत नाही, म्हणून हनफी आणि शाफईंच्या प्रचलित मतानुसार त्याचं कर्ज जकातीतून सरळ फेडता येत नाही. मालिकी मान्य करतात. वाट अशी: आधी त्याने मागे ठेवलेल्या मालातून दफनखर्च, मग कर्ज, मग वसियत, मग वाटण्या. माल पुरला नाही आणि बायको किंवा मुलगा स्वतः मुस्तहिक असेल तर जकात त्यांच्या हातात द्या. ते आपल्या खुशीने वडलांचं देणं देतील, त्यांच्यावर अट नको. लिल्लाह शिल्लक असेल तर ते सरळ देणेकऱ्याला चालतं, आणि मयताच्या कर्जासाठी तेच आधी वापरा.

आणि देणेकरी गावातलाच असेल तर जनाजाच्या दिवशीच त्याला बाजूला घेऊन किती सोडतोस ते विचारा. चाळिसाव्या दिवसापर्यंत थांबलात तर आकडा वाढलेला असतो.